आधी मोज

१९८६ सालचा पावसाळा सरत आला होता. मी सांगलीत नववीत होतो आणि पहाटे सांगलीवाडीची पेपरची लाइन टाकत होतो. साडेचारला उठायचं, स्टँडसमोर पडलेले गठ्ठे सोडायचे, पुरवण्या आत सरकवायच्या, पिशवी हँडलला अडकवायची आणि आयर्विन पूल ओलांडून पलीकडे जायचं. सायकल वडिलांची, काळी, अठ्ठावीस इंची. वडील मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहीत. ते आता चालत जायचे आणि सायकल माझ्याकडे आली होती.

त्या दिवशी पुलाच्या मध्यावर मागच्या चाकातली हवा गेली. हवा एकदम गेली की कळतं, पण हळूहळू जाते तेव्हा सायकल आधी फक्त जड वाटते. आपण उगाच जोर लावत राहतो आणि मग अचानक रिम डांबरावर बसल्याचा धक्का कंबरेत येतो. पिशवीत बासष्ट पेपर होते. खाली कृष्णा गढूळ, वर अंधार आणि सायकलचं दुकान उघडायला नऊ वाजायचे होते.

मी सायकल ढकलत सगळी लाइन टाकली. शेवटचा पेपर पडला तेव्हा साडेआठ झाले होते. एका घरातल्या काकांनी पेपर हातात घेतला नाही, ‘आता संध्याकाळीच वाचतो, राहू दे’ म्हणाले. महिन्यातली ही तिसरी वेळ होती. एजंटने ओरडाआरडा केला नाही. एवढंच म्हणाला, ‘पुढच्या वेळी लाइन दुसऱ्याला देतो. माझाही इलाज नाही.’

टिळक चौकाजवळच्या एका बोळात चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, छताला टांगलेल्या जुन्या रिमा, एक पायपंप, पाण्याचं घमेलं आणि वापरून वापरून काळा गुळगुळीत झालेला लाकडी ठोकळा. चाचांना सगळे चाचाच म्हणत. आधीच्या दोन्ही पंक्चरी त्यांच्याकडेच काढल्या होत्या, एकेक रुपया देऊन. तिसऱ्यांदा सायकल लावली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली नाही. पायाने घमेलं माझ्याकडे सरकवलं.

‘बस.’

‘मला येत नाही, चाचा.’

‘येतंय का म्हणून कुठं विचारलं मी? बस म्हटलं.’

मी बसलो. व्हॉल्व्हचा नट काढला, टायरच्या कडेत दोन पट्ट्या घातल्या. पहिली पट्टी घातल्यावर दुसरी किती अंतरावर घालायची हे त्यांनी नुसत्या बोटाने दाखवलं. ट्यूब बाहेर आली. हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवत गेलो आणि एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. तिथे शाईच्या पेनाने खूण केली. ट्यूब पुसली, कानशीने घासली, सोल्युशन लावलं आणि लगेच ठिगळ चिकटवायला घेतलं.

‘थांब. वाळू दे.’

‘वाळल्यावर चिकटणार कसं?’

‘बोट लाव. बोटाला चिकटायचं बंद झालं की मग ठिगळाला चिकटतंय. लोक काय करतात, चिकटत न्हाई म्हणून घाई करतात आणि घाई करतात म्हणून चिकटत न्हाई.’

ठिगळ बसलं. ठोकळ्यावर ठेवून दाबलं. पंक्चर निघाली! मी खुशीत ट्यूब परत टायरमध्ये घालायला लागलो, तेवढ्यात चाचांनी माझं मनगट धरलं.

‘काटा कुठाय?’

‘पडला असेल रस्त्यात.’

‘असंल?’

त्यांनी मला टायरच्या आतून बोटं फिरवायला लावली. एक फेरी झाली, काही लागलं नाही. मग म्हणाले, ‘ट्यूब टायरवर आडवी ठेव. व्हॉल्व्हला व्हॉल्व्हची जागा जुळव. आता बघ, भोक कुठं येतंय.’ जिथे भोक आलं त्या जागी टायर उलटा करून वाकवला, तेव्हा आतल्या कापडातून मोहरीच्या दाण्याएवढं काळं टोक वर आलं. बाभळीचा काटा. बाहेरून तुटलेला, आत रुतून बसलेला. सायकल उभी असताना तो आत दडायचा, माझं वजन पडलं आणि दोन-चार दिवस झाले की ट्यूबला टोचायचा.

चाचांनी ट्यूब हातात घेतली. त्यांनी घातलेली आधीची दोन ठिगळं आणि माझं आजचं, तिन्ही चार बोटांच्या आत होती. ते बराच वेळ त्या जागेवर अंगठा फिरवत राहिले.

‘ह्या तीन पंक्चरी न्हाईत,’ ते म्हणाले. ‘एकच काटा हाय. मागच्या दोन्ही टायमाला मी भोक बुजवलं, काटा बघितला न्हाई. तुला शाळेची घाई, मागं गिऱ्हाईक उभं. पण चूक माझीच.’

त्यांनी गल्ल्यातून दोन रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो, तेव्हा ते रागावले. ‘नको कसं? चुकीचं काम झालं, पैसे परत. आता ह्याच पैशात सोल्युशनची ट्यूब आणि दोन पट्ट्या घेऊन जा. पहाटे पाचला मी काय तुझ्यासाठी दुकान उघडणार न्हाई.’

एवढी वर्षं झाली, पण ते दोन रुपये मला आजही हातावर जाणवतात. त्या माणसाने कसूर केली होती ती आळसाने किंवा लबाडीने नव्हे. दिवसाला पंधरा-वीस चाकं त्याच्या हाताखालून जात होती. त्यातल्या एका चाकाला तीनदा एकाच जागी भोक पडतंय, हे त्याने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा मीच करत होतो. ज्याची एकच सायकल होती त्या मी मात्र ते एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पहाटेची पंक्चर ही वीस मिनिटांची गोष्ट झाली. पिशवीच्या कप्प्यात पट्ट्या, सोल्युशन, पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या ट्यूबची कापलेली ठिगळं आणि एक वालट्यूब. पाणी नसलं तर ट्यूब गालाजवळ धरायची, हवेची बारीक झुळूक गालाला बरोबर कळते. पंप फ्रेमला अडकवलेला असायचा. लाइन माझ्याकडेच राहिली.

दिवाळीच्या आधी सायकल वाजायला लागली. खट... खट... एकदा आवाज सुरू झाला की दुसरं काही ऐकूच येईना. चाचांकडे गेलो.

‘चाचा, आवाज येतोय.’

ते एका चाकाचा आउट काढत होते, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करत होते. मान वर केली नाही. ‘कितीला?’

‘कितीला म्हणजे?’

‘पायडलच्या एका फेऱ्यात किती वेळा येतोय? का फेऱ्याला एकदा? का दोन-तीन फेऱ्यांनी एकदा? जा, पुलापर्यंत जाऊन ये. आधी मोज, मग मला सांग.’

मला वाटलं, टाळताहेत. तरी गेलो. उजवं पायडल खाली आलं की एक, असे फेरे मोजत राहिलो आणि प्रत्येक खटला आकडा पाहिला. हरभट रोडच्या कोपऱ्यापर्यंत काहीच धड हाती लागेना, कारण आवाज कधी उजवं पायडल खाली असताना यायचा तर कधी वर असताना. पुलावर सपाट रस्ता मिळाला तेव्हा कळलं, पाच फेऱ्यांत दोन खट. म्हणजे अडीच फेऱ्यांना एक.

परत येऊन सांगितलं. चाचांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

‘मग आता तूच सांग, काय बिघडलंय.’

मला कुठून कळणार? तेव्हा त्यांनी मला सायकलचे दात मोजायला लावले. पुढच्या चक्राला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडल एकदा फिरलं की चेनच्या ४४ कड्या पुढे जातात, म्हणजे मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. आणि चेनच्या कड्या मोजल्या तर त्या एकशे दहाच्या आसपास, म्हणजे चेनचा पुरा एक फेरा व्हायला पायडलचे अडीच फेरे लागतात. ‘आता बघ,’ ते म्हणाले. ‘आवाज फेऱ्याला एकदाच आला तर कॉटर पिन, पायडल, पुढची वाटी, तिथं बघायचं. फेऱ्यात दोन-अडीच वेळा आला आणि पाय थांबवले तरी चालू राहिला, तर मागचं चाक. अडीच फेऱ्यांना एकदा आला, तर?’

‘चेन.’

‘चेनची एक कडी अडकलीय. शोध.’

मी पायडल हाताने उलटं फिरवत चेन बोटांमधून सोडत गेलो. एका जागी ती सरळ होईना, कोपरात दुमडल्यासारखी राहिली. थेंबभर तेल टाकलं, दोन्ही हातांत धरून ती जागा आडवी वाकवली, इकडून तिकडून, चार वेळा. कडी सुटली. आवाज गेला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. ‘काम तू केलंस,’ म्हणाले. ‘मी फक्त गणित घातलं.’

यंत्र आपल्याशी बोलतं, असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटतं, पण ते आकड्यांत बोलतं हे चाचांनी मला दाखवलं. नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ म्हणणं. पोट दुखतंय का डोकं, जेवणाआधी का नंतर, हे आपल्यालाच ठाऊक असतं. डॉक्टर कितीही मोठा असला तरी तो आपल्या अंगात शिरून ते ऐकू शकत नाही.

पण नुकतंच यायला लागलेल्या माणसाचा हात थांबत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी घराच्या मागच्या दारी बसून फ्रीव्हील उघडलं. त्यात घाण साचली असेल, धुऊन टाकू, एवढाच विचार. वरच्या कड्याला उलटे आटे असतात, ते कसं फिरवायचं हे शोधण्यात सकाळ गेली. शेवटी खिळा लावून हातोडीने ठोकलं आणि ते सुटलं. सुटलं ते सगळंच सुटलं. आतून खसखशीहून जरा मोठे असे कितीतरी छर्रे फरशीवर सांडले. त्यातले काही न्हाणीच्या मोरीत गेले. दोन छोटी पोलादी कुत्री आणि केसासारखी स्प्रिंग हातात राहिली. ती कुठून निघाली, कुठल्या बाजूने बसते, काहीच कळेना. मी मोजलं नव्हतं. उघडायच्या आधी मोजायचं असतं, ते विसरलो होतो.

डालड्याच्या डब्यात सगळं भरून चाचांकडे गेलो. त्यांनी डबा हलवून आवाज ऐकला, आत बघितलं, आणि डबा माझ्या हातात परत दिला.

‘नवीन फ्रीव्हील घ्यावं लागतंय.’

‘हे बसवता नाही येणार?’

‘मला येतंय. पण ह्यातले छर्रे गेलेत, कड्याला हातोडी बसलीय. तेवढ्या वेळात मी चार सायकली करीन.’ मग थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘पंक्चर तुझी, तेल तुझं, ब्रेकचे रबर तुझे, नट आवळणं तुझं. आवाज मोजणं तर तुझंच, ते दुसऱ्या कुणाला जमणारच न्हाई. पण फ्रीव्हील माझं. आउट काढणं माझं. कॉटर पिन अडकली तर ती माझी. माझं काम तुला येत न्हाई असं न्हाई, शिकलास तर येईल. पण त्याला माझ्यासारखं रोज बसावं लागतंय. तुला शाळा हाय.’

मी विचारलं, ‘चाचा, सगळ्यांनीच पंक्चर घरी काढली तर तुमचं कसं चालणार?’

ते एका मागच्या चाकाचा आउट काढत होते. त्याला चाळीस तारा होत्या. त्यांनी बोटाने एक तार छेडली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. सगळ्या एका सुरात लागल्या, एक मात्र बद्द वाजली. त्या तारेच्या निपलला चावी लावून त्यांनी जेमतेम पाव फेरा दिला आणि पुन्हा छेडली. आता तीही बाकीच्यांसारखी वाजली. चाक फिरवलं, रिम ब्रेकच्या रबराजवळून दोरी ताणल्यासारखी सरळ धावत गेली.

‘माझ्याकडं लोक सायकल मेल्यावर आणतात,’ ते म्हणाले. ‘चाकाच्या हबचा कोन ढिला झाला तर पाच मिन्टाचं काम असतंय. पण सहा महिने डुगडुगत चालवतात, आतली वाटी खाऊन जाते, छर्रे फुटतात, मग आणतात आणि पैसे सांगितले की माझ्या तोंडाकडं बघतात. म्हणतात, मिस्त्री लुबाडतोय. ज्याला त्याच्या सायकलचं कळतंय तो वेळेवर येतोय, काय करायचं ते सांगतोय, आणि पैसे देताना त्याला शंका न्हाई. असली दहा गिऱ्हाइकं असली तर दुकान चालतंय.’

चाचांना आणखी एक अभिमान होता, तो ते प्रत्येक नव्या पोराला ऐकवत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात केली ती १८८८ साली, बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. कारखाना किर्लोस्करवाडीला आला तो नंतर, १९१० साली. ‘आपल्याच सांगली जिल्ह्यात,’ चाचा म्हणत, जणू किर्लोस्कर त्यांच्याच बोळातून पुढे गेले होते. ‘सायकल उघडायला शिकलेला माणूस पुढं कायबी उघडतो.’

मी पुढे पुण्याला आलो. नोकरी, लग्न, घर. सायकल मधली काही वर्षं सुटली आणि चाळिशीनंतर पुन्हा आली, गिअरची, हलकी, डिस्क ब्रेकची. ती विकत घेताना दुकानात सांगितलं, ‘तुम्ही काही करू नका सर, दर तीन महिन्यांनी घेऊन या.’ आणि मी खरंच काही केलं नाही. सोपं होतं. पैसे होते, वेळ नव्हता.

एका उन्हाळ्यात ती कुरकुरायला लागली. मी दुकानात नेली आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आवाज येतोय.’ त्यांनी चार दिवस ठेवून घेतली, चेन बदलली, बॉटम ब्रॅकेट बदललं, पोराने आवारात चक्कर मारून दाखवली. आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी पाषाणच्या रस्त्यावर पुन्हा कुरकुर. पुन्हा नेली. पुन्हा काही बदललं. त्यांनी बिलात खोटं काही लावलं असं मला वाटत नाही. जुनी चेन मी नंतर फूटपट्टीवर मोजली. चेनची प्रत्येक जोडकडी बरोबर एक इंचाची असते, म्हणून बारा जोड्या फूटभर भरायला हव्यात. ही बारा इंचांच्या पुढे चांगली दिसण्याइतकी सरकली होती, म्हणजे ती बदलायलाच झाली होती. पण कुरकुर तिची नव्हती.

तिसऱ्या वेळी सायकल दुकानाकडे नेत असताना चढ लागला. मी सीटवरून उठून उभ्याने पायडल मारायला लागलो आणि कुरकुर थांबली. बसलो, सुरू झाली. उठलो, थांबली. मी रस्त्याच्या कडेला उतरलो. सीटच्या खालचा बोल्ट सैल होता आणि दांडीला लागून घासत होता. दुकानातला पोरगा माझ्यापेक्षा पंचवीस किलोने हलका, आवारातल्या आवारात उभ्यानेच चक्कर मारत होता. तो आवाज त्याला कधी ऐकूच येणार नव्हता. तो फक्त मला येत होता आणि मी तो मोजला नव्हता, नुसता त्यांच्या दारात नेऊन ओतला होता.

त्या दिवशी मला चाचांची फार आठवण आली. गावी गेलो की त्यांना भेटू, असं ठरवलं आणि राहून गेलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आमचं गावभागातलं घर पाण्यात गेलं, आईला भावाने आधीच विश्रामबागला हलवलं होतं. पाणी ओसरल्यावर मी पोहोचलो. पूर ओसरल्यानंतरचं घर ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. भिंतीवर छातीच्या वर गेलेली ओळ, घोट्याएवढा चिखल, फुगलेली कपाटं आणि तो वास. तिसऱ्या दिवशी मी टिळक चौकाकडे गेलो.

चाचांचं दुकान होतं, पण पत्रे वाकलेले. बोळाच्या तोंडाशी कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती आणि चाचा त्यावर बसले होते. ऐंशीच्या जवळ आले असतील. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, कारण डोळे अधू झाले होते. समोर भिंतीला टेकवून पंधरा-वीस सायकली उभ्या होत्या, सगळ्या गाळाने माखलेल्या. दूधवाल्याची, पेपरवाल्या पोराची, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांच्या, शाळेतल्या मुलींच्या. आसपासची सगळी सायकल दुकानंही पाण्यात गेलेली. आणि चाचांचे हात थरथरत होते, पाना धरवत नव्हता.

‘हात माझे गेले,’ ते म्हणाले. ‘तुझे हायत की.’

मी बाह्या सरसावल्या आणि पहिली सायकल उलटी केली. चाचा लगेच म्हणाले, ‘तू न्हाई. जिची हाय तिला बसव.’

‘चाचा, तिला येत नाही. मी पटापट करून टाकतो.’

‘तू उद्या पुण्याला जाशील. मग?’

ती एका घरकाम करणाऱ्या मावशींची सायकल होती. त्या संकोचून उभ्या होत्या. मी घमेलं त्यांच्याकडे सरकवलं. ‘बसा मावशी,’ म्हणालो, आणि म्हणताना मला माझाच तो दिवस दिसला.

मागचं चाक काढलं. कोन सोडवायच्या आधी खाली वर्तमानपत्र पसरलं, कारण छर्रे पळतात. आतलं ग्रीस चहाच्या रंगाचं झालं होतं, त्यात गाळाची रेती. ‘मागच्या हबात एका बाजूला किती छर्रे?’ चाचांनी खुर्चीवरून विचारलं. मावशींनी बोटाने एकेक बाजूला सरकवले. ‘नऊ.’ ‘दुसऱ्या बाजूला?’ ‘नऊ.’ ‘पुढच्या चाकात दहा-दहा असतील, बारीक. लक्षात ठेवा. नऊच्या जागी आठ बसवले तर चाक फिरेल, पण महिन्यात वाटी खाईल.’ डिझेलमध्ये सगळं धुतलं, पुसलं, नवीन ग्रीस भरलं. त्या चिकट ग्रीसमध्ये छर्रे एकेक करून डाळिंबाच्या दाण्यांसारखे रुतून बसले. कोन आवळला, तर चाक खरखरलं. थोडा सोडला, तर डुगडुगलं. मधली जागा सापडेपर्यंत मावशींनी तीनदा आवळलं, तीनदा सोडलं.

‘आता चाक उचलून धरा,’ चाचा म्हणाले, ‘आणि सोडून द्या. कायबी करू नका.’

चाक सावकाश फिरलं, मागे आलं, पुन्हा थोडं पुढे गेलं, आणि थांबलं. व्हॉल्व्ह बरोबर खाली होता. एवढ्याशा व्हॉल्व्हच्या वजनाने अख्खं चाक वळून खाली आलं होतं. मावशींनी ते पुन्हा करून बघितलं. पुन्हा एकदा केलं. त्यांच्या घरात तेव्हा गुडघाभर गाळ होता, आणि त्या हसत होत्या.

दुपारपर्यंत बोळात सात-आठ जणं आपापली सायकल उघडून बसली होती. मी पाने फिरवत होतो, अडलेले नट सोडवून देत होतो. फ्रीव्हील मात्र मी कुणाला उघडू दिली नाहीत. ती डिझेलने धुऊन, फिरवून, गाळ निघेपर्यंत पुन्हा धुऊन तेल सोडलं. पेपरवाल्या पोराच्या चाकाचा आउट निघत नव्हता. चाचा म्हणाले, ‘माझ्याजवळ आण.’ मी चाक त्यांच्या मांडीवर धरलं. त्यांनी थरथरत्या बोटाने तारा छेडायला सुरुवात केली. डोळे मिटलेले. ‘ही ढिली. पाव फेरा. हिच्या समोरची सोड. ही ठीक. ही ठीक. इथं थांब.’ चावी मी फिरवत होतो, कान त्यांचे होते. अर्ध्या तासाने रिम सरळ धावली. पोराने खिशातून पैसे काढले, आणि चाचांनी ते घेतले, मोजून, पूर्ण.

संध्याकाळी निघायची तयारी करत होतो, तेव्हा एक सातवी-आठवीतली मुलगी आपली सायकल हातात धरून आली. तिने सकाळीच हब धुऊन बसवला होता.

‘चाचा,’ ती म्हणाली, ‘अजून आवाज येतोय.’

मी उठायला लागलो. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

‘कितीला?’ त्यांनी विचारलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. मग काही न बोलता सायकलवर बसली. बोळात दोन्ही बाजूंना चिखलाचे ढीग होते, मधून चाकाएवढी कोरडी वाट होती. ती त्या वाटेने पुलाच्या दिशेने निघाली. वळणापर्यंत मला ती दिसत होती. ओठ हलत होते, आणि हँडलवरचं एक बोट दर फेऱ्याला उचललं जात होतं.